नांगर, पंप आणि मासिक : एकाच कारखान्याचा माल

आमच्या कोपरीतल्या इमारतीच्या तळमजल्यावर पाण्याचा पंप आहे. पहाटे तो सुरू झाला की गच्चीवरची टाकी भरू लागते. त्याच्या बिडाच्या अंगावर ‘किर्लोस्कर’ अशी उठावाची अक्षरे आहेत. वर घरात, माळ्यावरच्या खोक्यात, आजीने जपलेले काही जुने मासिक अंक आहेत. त्यांच्या मुखपृष्ठावरही तेच नाव. लहानपणी मला ही दोन नावे वेगळी वाटत. मोठेपणी ती एक असल्याचे कळले, तरी वाचताना मी ती वेगळीच ठेवत आलो. मराठी समीक्षेनेही बहुतांशी तेच केले आहे. कारखाना उद्योगाच्या इतिहासात जातो, ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ समाजसुधारणेच्या प्रकरणात. या लेखात मी ती एकत्र वाचतो आहे. माझे म्हणणे असे की, मासिक हे या कारखान्याचे भूषण नव्हते, उत्पादन होते. त्याचे गुण आणि त्याची मर्यादा दोन्ही तिथूनच आली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (१८६९–१९५६) मूळ ओढा चित्रकलेकडे. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत ते शिकू लागले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंगकाम सुटले. यांत्रिक रेखाटन मात्र हाती राहिले. त्यावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. १८८८ मध्ये बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. पुढे नोकरीत बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणराव कायमचे बेळगावला आले. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. शहराच्या वाढीत कारखान्याची जागा गेली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन दिली. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, हा योगायोग मला महत्त्वाचा वाटतो.

पुढची यादी लांब आहे : चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप, लोखंडी खुर्च्या-खाटा, नंतर हरिहरला लेथ, आणि १९४६ पासून पुण्यात डिझेल इंजिने व बंगळुरूला विजेच्या मोटारी. वरवर पाहता ही यादी विस्कळीत आहे. पण तिच्यात एक सूत्र आहे. सायकल विकताना रामूअण्णा ती चालवायलाही शिकवत. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी मानत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. अशा वेळी नुसती वस्तू बनवून भागत नाही. ती वापरणारा माणूसही घडवावा लागतो. त्याची शंका हसण्यावारी न नेता तिला उत्तर द्यावे लागते. किर्लोस्करांच्या प्रत्येक मालाबरोबर एक अदृश्य पाठ जात होता, तो असा.

१९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते कारखाना आणि त्याची गिऱ्हाइके यांच्यातला दुवा म्हणून. तो अदृश्य पाठच आता छापील झाला, असे मी म्हणेन. शंकरराव लक्ष्मणरावांचे पुतणे आणि शिकलेले चित्रकार. काकांच्या हातून सुटलेला कुंचला पुतण्याने मासिकाच्या पानावर आणला. ‘टाकाच्या फेकी’ ही त्यांची व्यंगचित्रे त्याची साक्ष. १९३० मध्ये ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून वाचकांपर्यंत गेले. रूढी ही जुन्या लाकडी नांगरासारखी : ती का टाकायची, नवे काय घ्यायचे, ते कसे वापरायचे, हा क्रम मला या मासिकांच्या मांडणीत जागोजाग दिसतो. शंकररावांचे ‘शंवाकीय’ वाचतानाही संपादक आणि कारखानदार वेगळे काढता येत नाहीत.

आता आक्षेप. आपला वाङ्मयेतिहास बराचसा ‘सत्यकथा’च्या खिडकीतून लिहिला गेला. १९३३ ते १९८२ या काळातल्या त्या मासिकाने नवकथेला घर दिले, आणि त्याच मापाने ‘किर्लोस्कर’ मोजले की ते प्रचारकी, संसारी, मध्यम ठरते. हे माप मला अन्यायाचे वाटते. ‘सत्यकथा’ वाचकाला कलाकृतीसमोर उभे करत होते. ‘किर्लोस्कर’ त्याच्या हातात काहीतरी देत होते. खेड्यातल्या पोस्टात येणाऱ्या अंकाची वाट पाहणाऱ्या बाईला ‘स्त्री’ने काय दिले, हे कथेच्या घाटावरून कळणार नाही. त्या मासिकाच्या संपादक विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढले. जुन्या साच्यातून नवे काही ओतता येते, याचा तो पुरावा आहे.

पण वकिली इथेच थांबवली पाहिजे. जे उपयोगी ते चांगले, या धोरणात दुःख, संभ्रम, निरुपयोगी आनंद यांना जागा कमी उरते. वाचक सुधारणीय गिऱ्हाईक होतो. शिवाय नांगर घेणारा आणि मासिक घेणारा हे पुष्कळदा दोन वेगळे लोक होते. वाडीच्या ओतकामाच्या भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या शब्दांत ते जग मराठीत कुठे आले, हा प्रश्न मला जुने अंक चाळताना सतावतो. शिकवणारा बोलत राहतो, तेव्हा शिकणाऱ्याचा आवाज नोंदवायचा राहून जातो.

फिनलंडच्या नोकियाशी तुलना करून पाहावी. १८६५ मध्ये कागदाचा लगदा करणारी गिरणी म्हणून ती सुरू झाली. रबरी बूट आणि केबल बनवणाऱ्या कंपन्यांशी १९६७ मध्ये एकत्र आली, मग दूरध्वनी केले आणि २०१४ मध्ये मोबाइलचा धंदाही विकून टाकला. तिथे प्रवास कागदाकडून यंत्राकडे झाला. इथे लोखंडाकडून कागदाकडे. नोकियाने एकेक माल मागे टाकला. किर्लोस्करांच्या घरात मात्र लोखंड टिकले आणि कागद गेला.

याचा दोष मी कुणाला देत नाही. पाण्याची गरज संपत नाही, म्हणून पंप राहिला. शंकेला उत्तर देणाऱ्या मासिकाची गरज संपली होती का, याचे उत्तर मात्र उद्योगाच्या ताळेबंदात मिळणार नाही. ते आपण वाचकांनी द्यायचे आहे. मासिकाचे वर्गणीदार असणारे आपण त्या उत्तराचा भाग आहोत. आजीचे अंक मी आता माळ्यावरून काढून कपाटात ठेवले आहेत. आज विद्यार्थ्यांना शिकवताना मी ते उद्योगाच्या धड्यात ठेवू की वाङ्मयाच्या, हे अजून ठरलेले नाही. दोन्हीकडे ठेवावेत, असेच वाटते.