आन्येरची आंघोळ अन् आमचं पाणी

जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराच्या १८८४ च्या चित्राला मराठीत 'आन्येरचे स्नानार्थी' म्हणावं, तर लगेच गोदाकाठ, सोवळं अन् शेंडी डोळ्यापुढं येते. म्हणून मी साधं म्हणतो : आन्येरला आंघोळ करणारे.

पॅरिसजवळची सेन नदी. काठावर कामकरी माणसं. कोणी पाण्यात, कोणी पाय सोडून बसलेला, कोणी आडवा, जवळ कुत्रं. मागं क्लिशीच्या कारखान्यांची धुरांडी. कॅनव्हास २ मीटर उंच, ३ मीटर रुंद. एवढी जागा देवादिकांना, राजांना, लढायांना मिळायची. २४ वर्षांच्या पोरानं ती कामगाराच्या उघड्या पाठीला दिली. मानाच्या 'सलाँ'नं चित्र नाकारलं. नाकारलेल्यांनी आपलं प्रदर्शन भरवलं, तिथं ते लागलं, तेही उपाहारगृहात. आपल्या सायक्लोस्टाइलवाल्यांना हे कायले समजावून सांगावं लागते?

समीक्षक म्हणतात, चित्रात उजेड आहे, शांतता आहे. आहे ना बाप्पा. पण खांदे पाहा. पडलेले आहेत. पाळी सुटल्यावरचे असे खांदे मी गिरणीत रोज पाहतो. एकही माणूस दुसऱ्याकडं बघत नाही. ही शांतता थकव्याची आहे. अन् पलीकडं होडीतून उंच टोपीवाला साहेब, छत्रीवाली बाई चाललेत. होडीवर झेंडा आहे, समता-बंधुता सांगणाऱ्या फ्रान्सचा. सरानं वर्ग असा बोटभर जागेत सांगितला. ही त्याची ताकद.

पण एक गोष्ट त्याला सांगावीच लागली नाही. पाण्यात उतरताना या पोरांना कोणी जात विचारत नाही. आमच्याकडं पाण्यालाही वरची बाजू अन् खालची बाजू. इथं शेंदूरजनाघाटला, सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या मुलखात नदीवर कविता करणारे आहेत. कोणाचा पाणवठा वर अन् कोणाचा खाली, हे त्यांच्या कवितेत येत नाही. याला ते निसर्ग म्हणतात!

महाडला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले, तर सवर्णांनी शेण-गोमूत्र टाकून तळं 'शुद्ध' केलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. एका ओंजळीला दहा वर्षं.

सराच्या चित्रातला लाल टोपीचा पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हाताची ओंजळ तोंडाशी धरतो अन् कोणाला तरी हाक मारतो. त्याला ओंजळ हाकेसाठी मोकळी आहे. आमची अजून पाण्यात अडकली आहे. तेव्हा दोस्तहो, नदी लिहा, नदी रंगवा. पण आधी पाणवठा कोणाचा ते विचारा.