क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम : विद्यार्थ्यांच्या अनुभवाच्या कसोटीवर

प्रस्तावना :
भारतातील एम.बी.बी.एस. शिक्षणाची १९९७ च्या नियमावलीवर उभी असलेली चौकट २०१९ मध्ये बदलली. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा तो काय करू शकतो, हा या बदलाचा गाभा होय. तथापि अभ्यासक्रमाची खरी परीक्षा राजपत्रात नव्हे, तर वर्गात व वॉर्डात होते. म्हणून विद्यार्थ्यांच्या अनुभवाच्या अंगाने त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

बदलाचे स्वरूप :
जुन्या पद्धतीत पहिले वर्ष प्रामुख्याने शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन या विषयांत जाई आणि रुग्णाची भेट दुसऱ्या वर्षी होई. नव्या अभ्यासक्रमाने आरंभी पायाभूत वर्ग, पहिल्याच वर्षी रुग्णसंपर्क, वृत्ती-नीती-संवाद हा स्वतंत्र घटक आणि ऐच्छिक अध्ययनाचा काळ यांची योजना केली. पुढे २०२२ मध्ये कुटुंब दत्तक उपक्रमाची भर पडली. रोगाकडून रुग्णाकडे आणि रुग्णाकडून कुटुंबाकडे नेणारी ही दिशा निश्चितच स्वागतार्ह आहे.

अनुभवातील विसंगती :
परंतु येथे विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन अभ्यासक्रम जगावे लागतात. पहिला लॉगबुकातला. प्रत्येक कौशल्यापुढे दिनांक, श्रेणी व शिक्षकाची स्वाक्षरी आवश्यक असते. कौशल्य आत्मसात होण्यापेक्षा स्वाक्षरी मिळणे महत्त्वाचे ठरले, तर नोंद हेच साध्य बनते. दुसरा अभ्यासक्रम प्रवेशपरीक्षेचा. पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची आहे. रुग्णाशी संयमाने बोलण्याची क्षमता तिच्यात मोजली जात नाही. परिणामी वॉर्डातील तास खर्ची पडल्यासारखा वाटतो आणि शिकवणीतील तास कमाईचा. हा दोष विद्यार्थ्यांच्या वृत्तीचा नसून मूल्यमापनाच्या रचनेचा आहे.

मनुष्यबळाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. लहान गटांतील अध्यापन व वैयक्तिक निरीक्षण यांना अधिक शिक्षक लागतात. देशातील एम.बी.बी.एस. च्या जागा २०१४ मध्ये सुमारे ५१ हजार होत्या. २०२४ पर्यंत त्या एक लाखावर गेल्या. शिक्षकसंख्या त्याच वेगाने न वाढल्यास लहान गट हा केवळ वेळापत्रकातला शब्द उरतो.

भाषेचा पैलू :
पायाभूत वर्गात स्थानिक भाषेला स्थान आहे, ही या अभ्यासक्रमाची मोलाची बाजू. अखिल भारतीय कोट्यातून महाराष्ट्रात आलेल्या विद्यार्थ्याला ‘छातीत कळ येते’, ‘अंगात कणकण आहे’ या तक्रारी समजल्याशिवाय रुग्णाचा इतिहास घेता येत नाही. मराठी विद्यार्थ्याची अडचण निराळी. इंग्रजीत शिकलेले निदान नातेवाइकांना मराठीत सांगण्याचा सराव त्याला क्वचितच मिळतो. आरंभीच्या काही तासांत ही उणीव भरून निघणारी नाही.

समारोप :
सारांश, अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट योग्य असले तरी त्याला अनुरूप परीक्षापद्धती व पुरेसे शिक्षक लाभल्याशिवाय क्षमता कागदावरच राहील. रुग्णशय्येपाशी घेतलेल्या परीक्षेला प्रवेशप्रक्रियेत वजन देणे, लॉगबुकातील नोंदी कमी करून निरीक्षण वाढवणे आणि भाषेचा सराव इंटर्नशिपपर्यंत नेणे, या दिशेने विचार व्हावा. स्वाक्षरी चुकीची असल्यास त्याची किंमत विद्यार्थी नव्हे, तर उद्याचा रुग्ण मोजणार आहे.