‘पुणे करार झाला नसता तर?’ : एका प्रश्नाची चिकित्सा

हा प्रश्न आपल्या परिसंवादांत, वक्तृत्वस्पर्धांत आणि अभ्यासवर्गांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यावरच्या चर्चा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. बहुतेक भांडणावर जातात. आणि गंमत अशी की, भांडणारे एकमेकांना विरोध करीतच नसतात, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. दोष वक्त्यांपेक्षा प्रश्नाच्या शब्दांत आहे.

करार न होण्याच्या वाटा किमान तीन. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरूच केले नसते, ही पहिली. उपोषण झाले, पण २४ तारखेला बाबासाहेबांनी सही केली नाही, ही दुसरी. सरकारने आपण होऊन निवाडा मागे घेतला, ही तिसरी. संबंधितांचे एकमत झाल्यासच बदल करू, असे सरकारने सांगितलेलेच होते, तेव्हा तिसरी सोडून देऊ. पहिल्या वाटेने गेलो तर चर्चा स्वतंत्र मतदारसंघांची होते. निवाड्याने अस्पृश्य मतदाराला तेथे एक आणि सर्वसाधारण मतदारसंघात दुसरे, अशी दोन मते दिली होती; त्यांतून कसले प्रतिनिधी आले असते? दुसऱ्या वाटेने गेलो तर आधी बोलावे लागते ते गांधीजींच्या प्राणाविषयी, आणि सवर्णांच्या शेतावर पोट असलेल्या, खेडोपाडी विखुरलेल्या आपल्या माणसांवर काय कोसळले असते त्याविषयी. पहिल्या वाटेवरचा वक्ता दुसऱ्या वाटेवरच्याला भित्रा ठरवतो, आणि सभा टाळ्या वाजवते.

दुसरी अडचण भाषेची आहे. ‘बाबासाहेबांनी सही केली नसती तर?’ असे विचारताच निम्मी सभा त्यात ‘सही करायला नको होती’ हा ठपका ऐकते. ती सर्वस्वी चुकत नाही. मराठीत ‘असता तर, नसता तर’ या रूपांना खंत आणि आरोप सहज चिकटतात. ‘तू वेळेवर आला असतास तर’ या बोलण्याला कोणी चौकशी समजत नाही. म्हणून परिणाम विचारतो आहोत की निर्णयाचे मूल्यमापन, हे विचारणाराने वेगळे सांगितलेच पाहिजे. काही पंडित ते मुद्दाम सांगत नाहीत. आरोप करायचा, पण जबाबदारी घ्यायची नाही, यासाठी प्रश्नचिन्ह फार सोयीचे असते.

‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ म्हणून सगळेच जर-तर उडवून लावणारांशी मात्र मी सहमत नाही. जे नाही त्याची कल्पना केल्याशिवाय कोणतीही मागणी उभी राहत नाही. प्रश्न नीट मांडावा, एवढेच. उदाहरणार्थ : ‘गांधीजींनी उपोषण केले नसते, निवाडा जसाच्या तसा लागू झाला असता आणि मताधिकार तेवढाच मर्यादित राहिला असता, तर १९३७ च्या निवडणुकीत अस्पृश्य उमेदवाराला कोणाच्या दारात मते मागावी लागली असती?’ वाक्य लांबले, पण यावर अभ्यास करता येतो. कराराने राखीव जागा १४८ झाल्या. परंतु अस्पृश्य मतदारांनी निवडलेल्या चौघांतून अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती गेली. तुलनेला आता दोन्ही बाजू मिळतात.

हा विषय ठेवणाऱ्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी फळ्यावर प्रश्नाखाली तारीखही लिहावी : २० सप्टेंबर, की २४ सप्टेंबर.