डंखहीन मधमाशीचे प्रोपोलिस आणि ऋतुविचार

पनवेलच्या नावाशी औषधिनिर्मितीचा संबंध जुना आहे. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये तेथे धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापिला. गावापासून थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचे रान आहे. एकीकडे शास्त्रोक्त औषधांची परंपरा आणि दुसरीकडे कोकणची वनसंपत्ती, अशा या ठिकाणाच्या संदर्भात डंखहीन मधमाशीच्या प्रोपोलिसचे औषधी गुण ऋतुमानाप्रमाणे बदलतात काय, हा प्रश्न तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

ही माशी आकाराने लहान असते. स्मिथने १८५४ मध्ये सिंहलद्वीपातील नमुन्यांवरून वर्णिलेली इरिडिपेनिस ही जाती भारतीय लेखनात सर्वाधिक उल्लेखिली जाते. जुन्या भिंतींच्या भेगांत वा झाडांच्या ढोलीत ती घर करते. झाडांचा डिंक, राळ व चीक गोळा करून ती त्यांत मेण मिसळते आणि त्या मिश्रणाने घराचे नळीसारखे तोंड, मधाची गाडगी व आतील अस्तर बांधते. मुंग्या व बुरशी यांपासून घराचे रक्षण करण्यास हेच द्रव्य उपयोगी पडते. प्रोपोलिस म्हणजे मूलतः वनस्पतीचे द्रव्य. माशी ते निवडते, वाहून आणते आणि साठविते.

यावरून ऋतुभेदाची अपेक्षा स्वाभाविक वाटते. आग्नेय आशियातील डंखहीन माश्यांच्या प्रोपोलिसमध्ये मँगोस्टीनच्या झाडातील मँगोस्टिन हे द्रव्य सापडले आहे. काही नमुन्यांत आंब्याच्या चिकाशी जुळणारी फिनॉलवर्गीय द्रव्येही आढळली आहेत. म्हणजे झाड बदलले की द्रव्य बदलते. कोकणात आंबा उतरविण्याच्या दिवसांत देठांतून वाहणारा चीक आणि आषाढातील संततधार ही माशीच्या दृष्टीने दोन निराळी जगे होत.

परंतु स्वाभाविक अपेक्षा हा पुरावा नव्हे. ब्राझीलमधील बोटुकाटू येथे युरोपीय वंशाशी संकर झालेल्या मधमाश्यांच्या प्रोपोलिसची ऋतुवार परीक्षा झाली व तिचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रॅम-धन जंतू अल्प प्रमाणाने मरतात, ग्रॅम-ऋण जंतूंना पुष्कळ अधिक प्रमाण लागते, हा फरक तेथे स्पष्ट दिसला. ऋतूंमुळे मात्र जंतुनाशक शक्तीत लक्षणीय अंतर पडले नाही. हा निष्कर्ष डंखहीन माशीला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण माशी निराळी आणि झाडेही निराळी. तरी ऋतुभेद गृहीत धरून चालणाऱ्यांना त्याने सावध करावयास हवे.

अशा वेळी प्राचीन वचनाचा आधार घेण्याचा मोह होतो. चरकाच्या कल्पस्थानात कोणत्या ऋतूत वनस्पतीचे कोणते अंग घ्यावे हे सांगितले आहे: साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले व फळे आपापल्या ऋतूत. ‘आमच्या पूर्वजांनी हे आधीच सांगितले होते’ असा निष्कर्ष यावरून काढणे उतावीळपणाचे होईल. त्या ठिकाणी राळेचा स्वतंत्र उल्लेख नाही; आणि वैद्य जे अंग स्वतः झाडावरून काढतो त्याचा तो नियम आहे, कीटकाने आणून ठेवलेल्या द्रव्याचा नव्हे.

मात्र त्याच प्रकरणात द्रव्याच्या सामर्थ्यासाठी देश, काल, गुण आणि भाजन या चारही गोष्टी उत्तम असाव्या लागतात असे म्हटले आहे. येथे चौथे पद निर्णायक आहे. प्रोपोलिसचे भाजन म्हणजे माशीचे घर. त्या घरात अनेक ऋतूंचे, कित्येकदा अनेक वर्षांचे थर एकावर एक बसलेले असतात. जुने द्रव्य माशी पुन्हा वापरते आणि त्यातील उडून जाणारी सुगंधी द्रव्ये काळाने कमी होतात. चैत्रात भिंतीतून खरवडलेले प्रोपोलिस चैत्रातच जमा झालेले असते असे नाही. खरवडण्याची तारीख आणि साठवणीची तारीख यांत गल्लत झाली, तर चार ऋतूंचे म्हणून तपासलेले चार नमुने वस्तुतः एकाच मिश्रणाचे चार भाग ठरतात. मग फरक दिसला तरी तो ऋतूचा म्हणता येत नाही, आणि न दिसला तरी ऋतूचा प्रभाव नाही असेही म्हणता येत नाही.

यास्तव ऋतुभेदाचे कोणतेही विधान स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे आवश्यक आहे. माशीची जाती निश्चित केली होती काय? नमुने एकाच घरातून घेतले होते काय? प्रत्येक ऋतूच्या आरंभी घराचा ठरावीक भाग स्वच्छ करून केवळ नवा थर तपासला होता काय? भोवतालची कोणती झाडे त्या वेळी चीक वा राळ देत होती, याची नोंद आहे काय? मेण व मातीचे प्रमाण वजा करून मग तुलना केली होती काय?

हा केवळ पद्धतीचा काथ्याकूट नाही. औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या द्रव्याची मात्रा त्याच्या बलावर अवलंबून असते. बल अनिश्चित असेल तर मात्राही अनिश्चित, आणि तिचे फळ रुग्णाला भोगावे लागते. शिवाय ऐन पावसाळ्यात, चारा दुर्मिळ असताना, संपूर्ण घर फोडून द्रव्य काढणे म्हणजे त्या वसाहतीचे संरक्षणच हिरावणे होय. नव्या थराचा अल्प अंश घेण्याची पद्धत शास्त्राला अधिक विश्वसनीय आणि माशीला कमी घातक आहे. कालाचा विचार भाजनाच्या विचारावाचून अपुरा राहतो, हे पनवेलच्या वैद्यपरंपरेला परके वाटण्याचे कारण नाही.