हात उंचावले, फुफ्फुसे वाढली?

'हात वर नेताना श्वास घ्या, खाली आणताना सोडा. फुफ्फुसांची क्षमता वाढेल.' शाळेतील कवायतीत आणि आरोग्यविषयक पुस्तिकांत हे विधान वारंवार भेटते. निरोगी मुलांना हा व्यायाम करायला हरकत नाही. विधान मात्र तपासून घ्यायला हवे.

हात वर नेले की छाती व खांदा यांना जोडणारे स्नायू ताणले जातात, वरच्या बरगड्या उचलल्या जातात आणि छाती फुलल्यासारखी वाटते. पण शांत श्वसनाचे बहुतेक काम श्वासपटल करते. खांद्याचे हे स्नायू श्वासाला मदत करतात ती विशेषतः हात टेकलेले असताना. धावून दमलेला मुलगा गुडघ्यांवर हात टेकतो, तो त्यासाठीच. हात अधांतरी असले की याच स्नायूंना हातांचा भार पेलावा लागतो. श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेल्या काही रुग्णांचा श्वास अशा वेळी विस्कळित होतो, पायांच्या व्यायामात तसे होत नाही, असे सेली व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८६ साली आढळले.

अशा रुग्णांना देखरेखीखाली हातांचा सराव दिल्यास दैनंदिन कामे सोपी होतात, धापही कमी लागते. परंतु पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे माप फारसे बदलत नाही. तयार होतात ते स्नायू. फुफ्फुसे मोठी होत नाहीत.

'पण आमच्या वर्गात तर आकडे वाढले!' असे कोणी म्हणेल. पूर्ण श्वास घेऊन सोडता येणारी हवा उंचीनुसार वाढते, हे जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्येच दाखवले. मुले वर्षभरात उंच होतात. शिवाय फुंकण्याची युक्तीही सरावाने साधते. म्हणून वर्गाचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करावेत: एक हात हलवून श्वसन करणारा, दुसरा केवळ श्वसन करणारा, तिसरा काहीच न करणारा. पाण्याने भरून उलट्या धरलेल्या बरणीत नळीने फुंकून, विस्थापित पाणी मोजावे. नळीचे तोंड प्रत्येकाचे वेगळे असावे. चक्कर आल्यास थांबावे. तिन्ही गटांची वाढ सारखीच निघाली, तर श्रेय व्यायामाला देता येणार नाही.

हा काथ्याकूट कशासाठी? या विधानावर विसंबून दमा असलेल्या एखाद्या मुलाचे औषध घरी बंद केले जाऊ शकते. व्यायाम औषधाच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नव्हे. एवढे तरी शिक्षकांनी पालकांना अवश्य सांगावे.