कल्पित चलन आणि दारिद्र्याचे मोजमाप : ‘हॅरी पॉटर’ मालिकेच्या संदर्भात

अद्भुतकथेतील जग उभे करताना लेखकाला भूगोल व इतिहास यांबरोबरच चलनाचाही विचार करावा लागतो. समीक्षेत मात्र या घटकाची दखल अभावानेच घेतली जाते. जे. के. रोलिंग यांच्या १९९७ साली प्रकाशित झालेल्या पहिल्या कादंबरीत हॅग्रिड हॅरीला जादूगारांचे चलन समजावून सांगतो : सतरा सिकलचा एक गॅलियन, एकोणतीस क्नटांचा एक सिकल. हे अगदी सोपे आहे, असेही तो वर म्हणतो.

हा विनोद ब्रिटनच्या जुन्या चलनावर आहे, हे उघड आहे. १५ फेब्रुवारी १९७१ पर्यंत तेथे १२ पेन्सचा शिलिंग व २० शिलिंगांचा पौंड होता. परंतु ती पद्धती निरर्थक नव्हती. २४० पेन्सचा निम्मा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा असा कोणताही हिस्सा बिनचूक निघत असे. आपल्याकडेही १९५७ मध्ये दशमान पद्धती येईपर्यंत रुपयाच्या १९२ पै होत. तिघा भावांत रुपया वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच आणे चार पै येत आणि शिल्लक काही राहत नसे. (‘सोळा आणे’ व ‘पै न् पै’ हे शब्दप्रयोग नाणी गेल्यावरही मराठीत टिकून आहेत.) रोलिंग यांनी निवडलेल्या १७ व २९ या दोन्ही मूळ संख्या होत. त्यामुळे ४९३ क्नटांच्या गॅलियनचे दोन समान भागसुद्धा होत नाहीत. रोजच्या देवघेवीतून असे चलन घडणे संभवत नाही. जुन्या नाण्यांचा किचकटपणा लेखिकेने अचूक टिपला, त्यामागील व्यवहारबुद्धी मात्र तिच्या हातून निसटली, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

असे असूनही हे चलन कथेत निर्जीव ठरत नाही, आणि त्याचे श्रेय वीझली कुटुंबाकडे जाते. दुसऱ्या कादंबरीत त्यांच्या तिजोरीत सिकलचा लहानसा ढीग व एकच गॅलियन असतो. मिसेस वीझली तो सगळा ऐवज पिशवीत भरतात. त्यानंतर स्वतःची तिजोरी उघडताना हॅरी आतील संपत्ती त्यांच्या दृष्टीआड ठेवण्याची धडपड करतो. चौथ्या कादंबरीत (२०००) हॅरीने घेऊन दिलेल्या दुर्बिणीचे पैसे रॉन लेप्रेकॉनच्या सोन्याने फेडतो. ते सोने काही तासांत नाहीसे होते, आणि हॅरीला त्याचा पत्ताही लागत नाही. फसवणूक झाली याचे रॉनला तितके दुःख नाही. एवढे पैसे गेल्याचे कळूही नये इतकी मित्राची सुबत्ता असावी, हे त्याला सलते. या प्रसंगात सतरा आणि एकोणतीस यांचा उल्लेखही येत नाही.