'चाप्रा त्रिपिटकात कोठे आहे?' : ओसामु तेझुका यांच्या 'बुद्ध' या चित्रकथेविषयी

विहारातील रविवारच्या पाली वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, चाप्रा त्रिपिटकात कोठे आहे?" नाव अपरिचित होते. पालीतील एखादा मिळताजुळता शब्द मी मनाशी शोधू लागलो, तोच तिने पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून पुढे ठेवले. ती एक जपानी चित्रकथा होती. अशा चित्रकथांना जपानमध्ये 'मंगा' म्हणतात आणि आपल्याकडील तरुण वाचकही आता त्या आवडीने वाचतात. वर्गातील एका ज्येष्ठ उपासकांनी पुस्तक चाळले व ही बुद्धचरित्राची थट्टा असून ते विहाराच्या ग्रंथालयात ठेवू नये, असे मत दिले. सर्व खंड वाचल्यावर मला त्यांच्या मताशी सहमत होता आले नाही. मात्र त्या मुलीला 'कोठेच नाही' एवढे उत्तर देऊन मोकळे होणेही मला प्रशस्त वाटले नाही.

ओसामु तेझुका (१९२८–१९८९) हे आधुनिक मंगाचे प्रमुख शिल्पकार. शिक्षणाने ते वैद्य. १९४५ साली ओसाकावर झालेला बॉम्बवर्षाव त्यांनी विद्यार्थिदशेत प्रत्यक्ष पाहिला होता. 'बुद्ध' ही चित्रकथा १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे क्रमशः प्रसिद्ध झाली. सोका गाक्काई या बौद्ध संघटनेशी संबंधित असलेल्या 'उशिओ' प्रकाशनाच्या मुलांसाठीच्या मासिकातून तिचा आरंभ झाला. तिचे इंग्रजी भाषांतर २००३ ते २००५ या काळात आठ खंडांत निघाले व तेथून ती जगभर पोहोचली. सुमारे तीन हजार पृष्ठांचे हे चरित्र लोक आवडीने पुन्हा पुन्हा वाचतात, याची कारणे शोधली पाहिजेत.

पहिले कारण कथेच्या मांडणीत आहे. आपल्याकडील सचित्र बुद्धचरित्रे मायादेवीच्या स्वप्नापासून सुरू होतात आणि बत्तीस पानांत महापरिनिर्वाणापर्यंत येऊन संपतात. चेहऱ्यामागे प्रभावळ असलेला बालक पहिल्या पानापासूनच बुद्ध असतो. त्याला काही व्हावयाचे उरलेले नसते. तेझुका यांनी आरंभ केला तो चाप्रा या कोसलातील दासपुत्रापासून व तत्ता या वर्णव्यवस्थेच्याही बाहेर ढकललेल्या मुलापासून. ही दोन्ही पात्रे पूर्णतः कल्पित आहेत. चाप्रा एका सेनापतीचे प्राण वाचवितो, आपले कूळ लपवितो व त्याचा दत्तक पुत्र होतो. मातेवरील मायेमुळे त्याचे गुपित उघडे पडते आणि माता व पुत्र दोघेही मारले जातात. सिद्धार्थ कथेत वावरू लागतो तोपर्यंत वाचकाच्या मनात चाप्राचे दुःख घर करून बसलेले असते. पुढे हा राजपुत्र दुःखाविषयी बोलतो तेव्हा ते कोणाचे दुःख, हे वाचकास विचारावे लागत नाही. पहिल्या आर्यसत्याची याहून परिणामकारक प्रस्तावना मी लोकप्रिय वाङ्मयात पाहिलेली नाही.

दुसरे कारण चित्रांचे. माणसे साधी, गोल चेहऱ्यांची व काहीशी विनोदी. अरण्ये, पर्वत व पशू मात्र बारकाईने रेखाटलेले. कित्येक पृष्ठांवर एकही शब्द नाही. ग्रंथारंभीच हिमात कोसळलेल्या वृद्धाची व तीन पशूंची कथा येते. अस्वल मासे आणते, कोल्हा फळे आणतो. सशाला काही मिळत नाही, म्हणून तो स्वतःच अग्नीत उडी घेतो. हे आपले ससजातक होय. पाली कथेत ब्राह्मणवेषातील सक्काने निर्माण केलेला अग्नी थंड राहतो, ससा वाचतो व चंद्रावर त्याचे चिन्ह उमटते. तेझुकांचा ससा जळतो. चमत्काराचा आधार काढून घेतल्यावर त्याग किती जड होतो, हे त्या निःशब्द चौकटी पाहताना कळते. (पाली कथेतील एक तपशील मात्र येथे हवा होता. उडी घेण्यापूर्वी ससा अंग तीनदा झटकतो. आपल्या केसांतील किडे जळू नयेत म्हणून. तेझुकांच्या हातून तो प्रसंग काय उतरला असता!)

विनोदाविषयी उपासकांचा आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही. गंभीर प्रसंगाच्या मध्येच आधुनिक काळातील वस्तूंचा उल्लेख येतो. लेखक स्वतः पात्र होऊन डोकावतो. काही ठिकाणी हे खरोखरच खटकते. पण या विनोदाचा रोख तथागतांवर नाही.

आता पाठाविषयी. पालीच्या अभ्यासकाला येथे पानोपानी अडखळावे लागते. अस्सजीचेच पाहा. पालीत तो पंचवर्गीय भिक्खूंपैकी एक. त्याच्याच मुखातून धम्म ऐकून सारिपुत्त मार्गावर आला. तेझुकांनी त्याला वाहत्या नाकाचा, इतरांचे मरण आधी जाणणारा एक बालक केले आहे, आणि तो भुकेल्या लांडग्यांच्या पिलांना आपला देह देतो. याचे मूळ व्याघ्रीच्या जातकात आहे. ते पाली जातकसंग्रहात नाही. आर्यशूराच्या जातकमालेत व सुवर्णप्रभाससूत्रात आहे. जपानमध्ये होर्युजी येथील प्राचीन तामामुशी देव्हाऱ्यावर ते चित्रित आहे. म्हणजे लेखकाने आपल्याकडील परंपरा उचलून तीत नवे नाव घातले. हा अज्ञानाचा दोष म्हणता येणार नाही, परंतु बालवाचकाच्या मनातून खऱ्या अस्सजीची जागा त्यामुळे जाते, हे नुकसान लहान नव्हे.

तथापि 'त्रिपिटकात नाही, म्हणून त्याज्य' असा निकष आपण तरी कोणत्या तोंडाने लावावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात चार दृश्यांची पारंपरिक कथा नाकारली व गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात दाखविले. फरक आहे तो प्रयोजनाचा. बाबासाहेब परंपरा बदलतात ती एका सुसंगत कसोटीवर घासून. तेझुका बदलतात ते कथेच्या ओघासाठी. म्हणून बाबासाहेबांचे पुनर्लेखन वाचकाला विचारापर्यंत नेते, तेझुकांचे बहुधा अश्रूंपाशी थांबते.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. जातीची क्रूरता तेझुकांइतकी स्पष्ट फार थोड्यांनी रेखाटली असेल. पण तिच्यावरील उत्तर म्हणून त्यांच्यापाशी करुणा आहे, सर्व प्राणिमात्र एकमेकांशी जोडलेले आहेत ही जाणीव आहे, आणि व्यवस्था नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी येतात तेव्हा स्वतःच विनंती करतात की, उपालि न्हाव्यास आमच्याआधी दीक्षा द्यावी, म्हणजे त्याला वंदन करून आमचा शाक्यपणाचा अभिमान गळेल. संघात ज्येष्ठता ठरते ती दीक्षेच्या क्रमाने. जन्म तेथे गणलाच जात नाही. थेरगाथेतील सुनीत हा झाडूवालाही त्याच दाराने आत आला. तथागतांनी जातीला दिलेले उत्तर असे नियमरूप होते. चाप्राला जे दार हवे होते ते त्याच्या मृत्यूनंतर भारतात खरोखर उघडले. तेझुकांच्या वाचकाला मात्र त्या दाराचे महत्त्व उमगत नाही. तत्ता अखेरपर्यंत सूडबुद्धीतून सुटत नाही आणि कोसलाविरुद्धच्या लढाईत पडतो. बुद्ध शोक करतात. प्रसंग हृदयद्रावक आहे, यात शंका नाही. पण तत्तासारख्याला संघाने काय दिले, हा प्रश्न तसाच राहतो.

विडूडभाच्या कथेत तेझुका आणि पाली परंपरा जवळ येतात. धम्मपदाची अट्ठकथा व भद्दसाल जातक सांगतात की, पसेनदि राजाने शाक्यांकडे कन्या मागितली तेव्हा महानामाने नागमुण्डा या दासीपासून झालेली वासभखत्तिया ही मुलगी पाठविली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी गेला असता त्याने वापरलेले आसन दूधपाण्याने धुण्यात आले. रहस्य उघड झाल्यावर पसेनदीने मायलेकांना पदावरून खाली आणले. तथागतांनी राजाला समजाविले, परंतु अट्ठकथेने त्यांच्या तोंडी जो युक्तिवाद घातला आहे तो असा की, मातेचे गोत्र गौण, पित्याचे गोत्र प्रमाण! सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात जन्माचे महत्त्वच नाकारणारे बुद्ध हे बोलतील, असे मला वाटत नाही. तेझुकांचा राजपुत्र आपल्या मातेला दासांच्या वस्तीत धाडतो व पुढे रोगाची साथ आल्यावर त्या वस्तीबरोबर तिचाही अंत होतो. अपमान झालेला माणूस तोच अपमान आपल्याहून दुबळ्याच्या माथी कसा मारतो, हे येथे अट्ठकथेहून अधिक खोलवर उतरले आहे, असे पालीचा शिक्षक असूनही मला कबूल करावे लागते.

पुस्तक ग्रंथालयात ठेवावे, असे मी कळविले. सोबत वरील दोन कथांचे मराठी सारांशही जोडले. विद्यार्थिनीने भद्दसाल जातकाची प्रस्तावना वाचली. पुढच्या रविवारी तिचा नवा प्रश्न होता : नागमुण्डेचे पुढे काय झाले? अट्ठकथेत तिचे नाव येते ते केवळ मुलीची ओळख सांगण्यापुरते.